कमरेच्या पिस्तुलाचा विसर

२०२३ साली अमेरिकेतल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीत प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका सापडल्या. त्यांतल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या. एकट्या अटलांटाच्या विमानतळावर ४५१. हे प्रवासी अपहरणकर्ते नव्हते. कोणी नातवंडांना भेटायला निघालेले, कोणी कंपनीच्या कामाला, अशी ही साधी माणसे. तपासनिसांना त्यांच्याकडून सर्वांत जास्त वेळा मिळणारे उत्तर एकाच शब्दाचे असते: विसरलो. या उत्तरावर अविश्वास दाखवायचे फारसे कारण नाही. पकडले गेल्यावर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो, विमान चुकते, काही राज्यांत बेड्याही पडतात. क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यावर मुद्दाम पिस्तूल ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही. म्हणजे अर्धा किलोहून जड, माणसाचा जीव घेऊ शकणारी वस्तू आपल्या पिशवीत आहे, याचा या लोकांना खरोखरच विसर पडलेला असतो. पहिल्यांदा पिस्तूल बाळगणाऱ्याला दर मिनिटाला त्याची जाणीव होत असते. त्या जाणिवेपासून या विसरापर्यंतचा प्रवास कसा होतो, आणि तो होऊ देणे शहाणपणाचे आहे का, हा या लेखाचा विषय आहे.

कपड्यांखाली लपवून पिस्तूल बाळगण्याला तिकडे ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. अमेरिकेत हे पूर्वापार चालत आले असेल, असा आपला हॉलिवूडने करून दिलेला समज असतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच लपवलेल्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. सभ्य माणूस शस्त्र उघड वागवतो, लपवतो तो मारेकरी, अशी त्या काळची धारणा होती. न्यूयॉर्कने १९११ साली परवान्याची अट घातली. वारे फिरले ते १९८७ साली फ्लोरिडाने ‘अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल’ असा कायदा केल्यावर. पुढे अलास्काने २००३ मध्ये आणि अॅरिझोनाने २०१० मध्ये परवान्याची गरजच काढून टाकली. व्हरमाँटमध्ये ती कधी नव्हतीच. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत पन्नासपैकी एकोणतीस राज्यांत प्रौढ नागरिकाला परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगता येऊ लागले. मधल्या काळात, जून २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात परवान्यासाठी खास कारण दाखवण्याची न्यूयॉर्कची जुनी अट घटनाबाह्य ठरवली आणि स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क आहे असे सांगितले. लोकांचे वागणेही कायद्यामागोमाग बदलले. संशोधकांच्या पाहणीनुसार २०१५ मध्ये रोज भरलेले पिस्तूल घेऊन फिरणारे सुमारे तीस लाख लोक होते. २०१९ मध्ये ते साठ लाखांवर गेले. महिन्यातून एकदा तरी बाळगणारे दीड कोटीहून अधिक.

यांतल्या प्रत्येकाचा कधीतरी पहिला दिवस होता. तो साधारण कसा जातो, ते शस्त्र-प्रशिक्षकांच्या तोंडून आणि नवशिक्यांसाठीच्या पुस्तिकांतून नीट कळते. प्रश्न पँटपासून सुरू होतो. पिस्तूल कमरेच्या आतल्या बाजूला खोचायचे तर पँट इंचभर सैल लागते, नेहमीचा चामडी पट्टा वजनाने वाकतो, म्हणून जाड आणि ताठ पट्टा घ्यावा लागतो. शर्ट एक माप मोठा, शक्यतो गडद रंगाचा किंवा चौकडीचा, म्हणजे फुगवटा दिसत नाही. मोटारीत बसले की दस्ता बरगडीला टोचतो. दुकानात खालच्या फळीवरचा डबा घ्यायचा तर कमरेत न वाकता गुडघ्यांत बसावे लागते, नाहीतर शर्ट वर सरकतो. शर्टावरून आकार उमटण्याला या लोकांत ‘प्रिंटिंग’ म्हणतात आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असते. आपल्या कमरेकडे सारे जग टक लावून पाहते आहे असे त्याला वाटत राहते. हात आपोआप पिस्तूल चाचपायला जातो, आणि खरे तर त्या चाचपण्यानेच ते लक्षात येते. प्रशिक्षक सांगतात: आठवडाभर रिकामे पिस्तूल लावून घरात वावरा, झाडलोट करा, जिने चढा-उतरा, सवय होईल. ती होतेही. काही आठवड्यांत टोचणे थांबते, धास्ती जाते, हात खाली राहतो. सतत एकसारखा पडणारा दाब त्वचा मेंदूला कळवेनाशी होते, हा शरीराचा धर्मच आहे. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधणारे आजोबा याच धर्माने वागत असतात. नवशिक्याला वाटते, आपण आता तयार झालो. माझे म्हणणे असे, की धोका सुरू होतो तो इथून.

का, ते समजण्यासाठी आजचे पिस्तूल हातात कसे असते ते पाहावे लागेल. २०१८ साली बाजारात आलेले सिग साउअर पी-३६५ हे लोकप्रिय मॉडेल रिकामे असताना साधारण पाचशे ग्रॅम भरते. तळहाताएवढ्या आकारात दहा काडतुसांचे मॅगझिन. ग्लॉक आणि त्याच्या धर्तीवरच्या बऱ्याच पिस्तुलांना अंगठ्याने लावायचा खटका नसतो. चापाच्या मधोमध एक बारीक पाते असते. बोट पात्यासकट चाप दाबते तेव्हाच गोळी सुटते. पिस्तूल नुसते पडले तर उडू नये, अशी ही सोय आहे. पण चाप बोटाने दाबला की शर्टाच्या सोग्याने, की जाकिटाच्या नाडीच्या गाठीने, हे पिस्तुलाला कळत नाही. म्हणून खरी सुरक्षा असते ती होल्स्टरमध्ये, म्हणजे चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक म्यानात. पिस्तूल म्यानात असेपर्यंत ते बहुतांशी निरुपद्रवी. ते काढताना आणि त्याहून जास्त परत घालताना चापात काहीतरी अडकण्याची भीती. पुढच्या बाजूला, ओटीपोटाशी बाळगण्याची पद्धत आज फार चालते. तिथे नळी मांडीच्या मुख्य रक्तवाहिनीच्या दिशेला रोखलेली असते. नवशिका पिस्तूल परत घालताना दुसऱ्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर धरतो, मान खाली घालून पाहतो, सावकाश सरकवतो. सरावलेला माणूस हेच काम फोनवर बोलता बोलता उरकतो. दोघांत सुरक्षित कोण, हे सांगायला तज्ज्ञ नको.

कमरेला पिस्तूल लावून सहा महिने काढले की दोन गोष्टी घडू शकतात. एक, शरीराला त्याचा विसर पडतो. दुसरी, हाताला शिस्त लागते: बोट चापाबाहेर, नळी कोणाकडेही रोखलेली नाही, म्यानात घालण्यापूर्वी नजर, काढून ठेवले तर कुलपात. पहिली गोष्ट फुकट मिळते, नुसते बाळगले की झाले. दुसरीला तासन्‌तासांचा सराव, पैसा आणि कोणीतरी चूक दाखवणारा लागतो. पहिली झाली म्हणजे दुसरीही झाली अशी माणसाची समजूत होते, ही यातली खरी मेख आहे. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनेक अमेरिकी राज्यांनी दुसरीची सक्तीच उठवली. ओहायोत २०२२ पर्यंत परवान्यासाठी आठ तासांचे प्रशिक्षण लागे. आता परवानाच ऐच्छिक आहे. दुसऱ्या टोकाला इलिनॉय सोळा तास मागते, न्यूयॉर्क वर्गात सोळा तास आणि प्रत्यक्ष गोळीबाराचे आणखी दोन तास. सगळ्या देशाचा हिशोब केला तर बंदूकधारकांपैकी दहांतल्या सुमारे सहांनी कधीतरी काही औपचारिक शिक्षण घेतले आहे. ‘कधीतरी’ आणि ‘काही’ हे दोन्ही शब्द इथे महत्त्वाचे. आपल्याकडे रिक्षाचालकालासुद्धा बिल्ल्यासाठी परिवहन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

विसराचे परिणाम कुठे दिसतात? एक जागा आहे ती म्हणजे स्वच्छतागृह. कमोडवर बसायचे तर पट्टा सैल करावा लागतो, पट्टा सैल केला की पिस्तूल लोंबते किंवा घसरून शेजारच्या कप्प्यात जाते. म्हणून माणूस ते काढून कागदाच्या डब्यावर किंवा फ्लशच्या टाकीवर ठेवतो, आणि हात धुऊन निघून जातो. ही खिल्ली नाही. २०१५ साली वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाच्या सुरक्षा पोलिसांनी आपापली पिस्तुले अशी विसरल्याच्या घटना काही महिन्यांच्या अंतराने उघड झाल्या. त्यांतले एक सभापतींच्या कार्यालयाच्या स्वच्छतागृहात एका लहान मुलाला सापडले. २०१८ साली फ्लोरिडात समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहात एका शिक्षकाने विसरलेले पिस्तूल एका अनोळखी माणसाच्या हाती पडले आणि त्याने ते झाडूनही पाहिले. सुदैवाने गोळी भिंतीत गेली. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी असे दैव मदतीला आले नाही. एका मोठ्या दुकानात खरेदी करताना तरुण आईने पर्स ट्रॉलीत ठेवली होती. पिस्तूल ठेवण्यासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली ती पर्स तिला नाताळची भेट मिळालेली. तिच्याकडे रीतसर परवाना होता, पिस्तूल हाताळण्याची सवय होती. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने कप्पा उघडला आणि आई जागीच गेली. त्या बाईला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. पर्समधले पिस्तूल तिच्या लेखी पर्सचा भाग झाले होते, म्हणजे सवय जशी व्हावी म्हणून सांगतात तशीच झाली होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कोट्यवधी लोकांतल्या चार-दोन घटना उचलून काहीही सिद्ध करता येते. विमानतळांचेच पाहा: दहा लाख प्रवाशांमागे जेमतेम आठ बंदुका. आकडा बरोबर आहे. पण त्या दहा लाखांतले बहुतेक लोक पिस्तूल बाळगतच नाहीत, तेव्हा भागाकाराचा खालचा आकडा चुकीचा धरला जातो. शिवाय विमानतळ ही अशी जागा आहे जिथे ‘बंदूक आणू नका’ हे प्रत्येकाला महिनाभर आधीपासून माहीत असते, फलक लावलेले असतात, आणि तरीही लोक विसरतात. जिथे फलक नाही, तपासणी नाही, अशा शाळेच्या फाटकाशी, मित्राच्या दिवाणखान्यात, दवाखान्याच्या खुर्चीवर किती विसरत असतील ते मोजणारे यंत्रच नाही. विमानतळ ही त्या सवयीची आपल्याला दिसणारी एकुलती एक खिडकी आहे.

दुसरा आक्षेप पोलिसांचा. ते रोज बाळगतात, त्यांचे काय बिघडते? बिघडते, हे संसद भवनाने दाखवले. पण पोलिसांचे पिस्तूल बहुधा उघड असते, ते ओढून काढता येऊ नये अशी अडकवणी म्यानाला असते, ठरावीक काळाने नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते आणि चूक झाली तर जाब विचारणारा वरिष्ठ असतो. इतके कुंपण असूनही विसर पडतो. यापैकी काहीच नसलेल्या नागरिकाला तो पडणार नाही असे मानायला आधार काय?

कायदाही या माणसाला धड राहू देत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. केंद्र सरकारच्या न्यायालयांत पिस्तूल नेता येत नाही, शाळांत बहुतेक ठिकाणी नाही, काही राज्यांत दारू देणाऱ्या जागी नाही, टेक्सासात दुकानदाराने ठरावीक मजकुराची पाटी लावली तर तिथेही नाही. मग दिवसातून तीन-चारदा पिस्तूल काढा, मोटारीत ठेवा, परत लावा. म्यानातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक वेळी धोका वाढतो हे वर आलेच. मोटारीत ठेवलेले पिस्तूल चोराला आयते मिळते. अमेरिकेत अलीकडे चोरीला जाणाऱ्या बंदुकांपैकी सुमारे निम्म्या मोटारींतून जातात. कायदे पाळणाऱ्या माणसाचे पिस्तूल अशा रीतीने कायदा न पाळणाऱ्याकडे पोचते. स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडले, की बाळगण्याचा हक्क सैल करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त आढळतात. नंतरच्या अभ्यासात त्यांनी बंदूकचोरी हे त्यामागचे एक कारण म्हणून दाखवले. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ च्या पुस्तकात नेमका उलटा दावा केला होता: बंदुका जास्त तर गुन्हे कमी. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये दोन्हीकडचा पुरावा तपासून निष्कर्ष काढता येत नाही म्हटले. त्यानंतरचा पुरावा लॉट यांच्या विरुद्ध झुकला आहे असे माझे वाचन सांगते, पण माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही.

तो उभा नाही, कारण तिसरा आक्षेप भक्कम आहे आणि मला मान्य आहे: परवानाधारक हे गुन्हेगार नव्हेत. टेक्सासने प्रसिद्ध केलेले दोषसिद्धीचे आकडे पाहिले तर परवानाधारकांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरेच कमी भरते. पण हेतू चांगला असणे हा विसरावरचा उपाय नाही. सज्जन माणूसही किल्ल्या विसरतो. आणि पिस्तूल प्रसंगी उपयोगी पडते हेही खोटे नाही. जुलै २०२२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये माथेफिरूने गोळीबार सुरू केला, तेव्हा बावीस वर्षांच्या एका तरुणाने सुमारे चाळीस यार्डांवरून, पंधरा सेकंदांच्या आत त्याला टिपले. त्या राज्याने परवान्याची अट त्याच महिन्याच्या सुरुवातीला काढली होती, म्हणून अट काढण्याचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात. ते देताना एक तपशील गाळला जातो: त्या तरुणाला आजोबांनी नेमबाजी शिकवलेली होती. म्हणजे तिथे कामाला आली ती हाताची शिस्त. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या आर्वाडा इथेही एका नागरिकाने हल्लेखोराला गोळी घातली. मग हल्लेखोराची रायफल हातात घेऊन उभा असताना पोलिसांनी त्यालाच हल्लेखोर समजून मारले. मिनेसोटात २०१६ साली फिलांडो कॅस्टील या परवानाधारकाने मोटार अडवणाऱ्या पोलिसाला आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे शांतपणे सांगितले, आणि काही क्षणांत तो गोळ्यांना बळी पडला. तो कृष्णवर्णीय होता. पोलीस निर्दोष सुटला. आपल्या पिस्तुलाची आपल्याला सवय झाली म्हणून समोरच्याला झालेली नसते.

सर्वांत दुखरी बाब घरातली. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने मेलेल्या सुमारे ४६,७०० जणांपैकी २७,३०० आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटीहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरचा २०२० चा अभ्यास सांगतो, की पिस्तूल मालकीचे असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या सुमारे आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट होते. निराशेचा झटका बहुधा ओसरतो. पण हाताशी भरलेले पिस्तूल असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही. रोज बाळगणाऱ्याचे पिस्तूल रोज भरलेले, रात्री अनेकदा उशाशी काढून ठेवलेले असते. सुमारे ४६ लाख अमेरिकी मुले अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर आहे.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना हा हक्क नाही, निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रेसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. तरी विसराला देश नसतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात घुसली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा तर या विषयाशी थेट संबंध येतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, तिथला केंद्रीय कायदा बंदूक जवळ ठेवू देत नाही. ग्रीन कार्ड मिळाले की ती घेता येते. घ्यायची ठरलीच, तर राज्य मागत नसले तरी प्रशिक्षण घ्या आणि दरवर्षी पुन्हा घ्या, पर्समध्ये कधीही ठेवू नका, घरात आणि मोटारीत कुलपाची पेटी बसवा. आणि घ्यायची नसेल, तरी मुलाला शेजाऱ्यांकडे खेळायला पाठवण्यापूर्वी ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का?’ असे विचारा. तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना हा प्रश्न विचारायला सांगतात, त्यामुळे तो विचारताना संकोच करायचे कारण नाही.